आबा, आधी पाइप मोजायला लावल्याबद्दल

आदरणीय आबा,
सा. न. वि. वि.

वाळवंटातल्या डाकार रॅलीत 2017 साली यूटीव्हींचा, म्हणजे रानात चालणाऱ्या छोट्या उघड्या चारचाकींचा, वेगळा वर्ग सुरू झाला. आता आपल्याकडची पोरंही या गाड्यांचं नाव काढतात आणि तुमच्या वर्कशॉपवर येऊन पहिला प्रश्न टर्बोचा विचारतात. तुम्ही त्यांच्या हातात व्हर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी) देऊन पिंजऱ्याचा, म्हणजे गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणाऱ्या सांगाड्याचा, पाइप मोजायला लावता. हे जाहीर आभार त्यासाठी.

कंपनीचा पिंजरा रानात फिरण्यापुरता, रेससाठी नाही, हे तुम्ही प्रत्येकाला पटवता. बाजारात सहज मिळणारा ईआरडब्ल्यू, म्हणजे पत्रा वळवून लांबीत जोडलेला पाइप तुम्ही दारातूनच परत पाठवता. कोल्ड ड्रॉन सीमलेसच, म्हणजे थंड ओढलेला बिनजोडाचाच हवा. एफआयए या मोटरस्पर्धांच्या जागतिक संघटनेच्या नियमात मुख्य हूपला (सीटमागच्या कमानीला) 45 मिलिमीटर व्यास आणि 2.5 मिलिमीटर जाडी, नाहीतर 50 ला 2, असं माप आहे. पाइप तापवायचा नाही, थंडच वाकवायचा. वळणाची त्रिज्या व्यासाच्या किमान तिप्पट. वळणावर पाइप चपटा होतो, म्हणून तिथला लहान व्यास भागिले मोठा व्यास 0.9 च्या खाली गेला की तो तुकडा भंगारात. यात तुम्ही कुणाचीच भीड ठेवत नाही, आणि ते योग्यच आहे.

सीटच्या पट्ट्यांचंही तसंच. खांद्याच्या पट्ट्यांचा मागचा आधार खांद्याच्या पातळीत किंवा किंचित खाली. फार खाली गेला तर धक्क्यात मणका दाबला जातो. कमरेचा पट्टा पोटावर नको, ओटीपोटाच्या हाडावर हवा, आणि तोच आधी आवळायचा. गाडी उलटताना हात आपोआप बाहेर जातो, म्हणून खिडकीला जाळी. मोटरसायकलचं हेल्मेट चालत नाही, कारण त्याचं अस्तर आगीला टिकणारं नसतं.

पण खानदेशात गाडी खरी हरते ती बेल्टपाशी. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या पुढे जातो, त्यात सीव्हीटीचा, म्हणजे इंजिनाचा जोर चाकांकडे नेणाऱ्या ऑटोमॅटिक यंत्रणेचा, बेल्ट रबराचा. गिरणेच्या वाळूत हाय गिअरमध्ये हळू चालवलं की पुली बेल्टला नीट पकडत नाही, तो घसरतो, तापतो आणि तुटतो. ताशी 25 किलोमीटरच्या खाली लो गिअर, हा तुमचा नियम प्रत्येकाने पाठ करावा. बेल्टचा वास आला तर इंजिन लगेच बंद करायचं नाही. न्यूट्रलमध्ये थोडा अ‍ॅक्सिलरेटर देत राहायचं, म्हणजे पुलीच्या पात्यांनी आत हवा खेळते. तुटलेल्या बेल्टचे धागे क्लचमध्ये आणि सीलपाशी गुंडाळले जातात; ते न काढता नवा चढवला तर तोही टिकत नाही. जवळ ठेवायचा स्पेअर बेल्टही आधी 40-50 किलोमीटर हळू चालवून मुरवलेला असावा, कोरा नको.

एअर फिल्टरकडून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत पांढरं फडकं फिरवून पाहायची सवय तुम्हीच लावलीत. फडक्यावर धूळ आली म्हणजे फिल्टर नीट बसलेला नाही. कपाशीच्या वावरातली बारीक काळी धूळ इंजिनात गेली की पिस्टन रिंग गेल्याच. टायरमध्ये हवा 12 ते 15 पीएसआय. साध्या रिमवर त्याहून फार खाली गेलं तर वळणावर टायर रिमवरून उतरतो. एफएमएससीआयचा (भारतातल्या मोटरस्पर्धांच्या संघटनेचा) स्पर्धा परवाना आधी काढा, हेही तुम्ही न चुकता बजावता.

आणखी एका गोष्टीचे आभार मानायचे आहेत. वेल्डिंगवर ग्राइंडर मारून ते गुळगुळीत करू देत नाही तुम्ही. घासलं की जोड बारीक होतो, आणि वर रंग चढला की आतली चीर दिसत नाही. दिसायला खडबडीत असलेले ते जोड भिंग लावून एकेक तपासून देता, तेही पैसे न घेता. आबा, या कामाचं मोल आम्ही जाणतो.

आपले कृतज्ञ,
जळगाव-धुळ्याचे यूटीव्हीवाले