सही करण्याआधी एक पान वाचायला द्या

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस सविनय नमस्कार.

मी तालुक्याच्या गावी मराठी शिकवते. जात्यावरच्या ओव्यांवर पीएच.डी. केली. प्रबंध सादर करायला गेले त्या दिवशी खिडकीतून कागदांचा गठ्ठा पुढे आला आणि 'इथं, इथं आणि इथं सही करा' असं सांगण्यात आलं. ग्रंथालयाचा ना-देय दाखला, वाङ्मयचौर्य तपासणीचं प्रमाणपत्र आणि त्यातच प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे देशभरातले प्रबंध सर्वांना खुले करणाऱ्या संकेतस्थळावर, ठेवण्याची संमती. मागे रांग होती. मी सह्या केल्या.

प्रबंध खुले व्हावेत, असंच मला वाटतं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २००९ च्या नियमांनी प्रबंधाची सॉफ्ट कॉपी देणं बंधनकारक केलं आणि विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने शोधगंगा उभी केली. त्याआधी दुसऱ्या विद्यापीठातला प्रबंध चाळायचा म्हणजे एसटीचं भाडं, मुक्काम आणि ग्रंथपालांची परवानगी, एवढं जमवावं लागे. आज माझ्या विद्यार्थिनी तो घरी बसून वाचतात. (जुन्या फॉन्टमधले मराठी प्रबंध शोधायला गेलं तर सापडत नाहीत, हे दुखणं वेगळं.)

पण त्या सहीचा अर्थ मला नंतर कळला. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार प्रबंधाच्या कॉपीराइटची पहिली मालक मीच आहे. हे मला ना मार्गदर्शकांनी सांगितलं, ना कार्यालयानं. शोधगंगेवरचे प्रबंध क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली असतात: श्रेय देऊन, विनाव्यापार, कुणीही वापरावेत. असा परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही. पुढे एका प्रकाशकांनी हस्तलिखित परत केलं. फुकट वाचायला मिळणारं पुस्तक विकत कोण घेणार, असं ते म्हणाले. मराठीत अशा पुस्तकाच्या पाचशे प्रती खपवणंही कठीण, त्यामुळे त्यांचा मला राग नाही.

मला खरं लागलं ते दुसरंच. परिशिष्टात एका कुटुंबाच्या संग्रहातले जुने फोटो होते. 'परीक्षेसाठी वापर, बाई,' एवढीच त्या आजींची परवानगी होती. संशोधनासाठी उचित वापराची मुभा कलम ५२ देतं, पण परीक्षकांपुढे फोटो ठेवणं आणि जगापुढे ठेवणं यांत फरक आहे. ज्या बायांनी पहाटे जात्याशी बसून, सासरचं नाव घेत ओव्या सांगितल्या, त्यांनाही इंटरनेटबद्दल मी विचारलं नव्हतं. चूक माझी. पण विचारायचं असतं, हे मला कुणी शिकवलंही नव्हतं.

म्हणून मागणी छोटी आहे. राज्यातल्या विद्यापीठांना सांगून मराठीत एक पान तयार करून घ्या. ते नोंदणीच्या वेळीच हातात पडावं, सादर करायच्या दिवशी नव्हे. हक्क कुणाचा, परवान्याचा अर्थ काय, दुसऱ्याचे फोटो, नकाशे, गाणी यांची लेखी परवानगी कशी घ्यायची, हे त्यात असावं. पुस्तक काढायचं असेल तर पूर्ण मजकूर एक-दोन वर्षं थांबवून शीर्षक आणि सारांश तेवढे खुले ठेवण्याची रीतसर सोय हवी. एखादं परिशिष्ट कायमचं झाकता यावं. त्यासाठी यूजीसीकडून स्पष्टता लागत असेल, तर ती आपण मागावी.

यंदा माझ्या दोन विद्यार्थिनी नोंदणी करत आहेत. त्यांच्या अर्जासोबत ते पान असावं, एवढ्यासाठी हे पत्र.

आपली नम्र,
एक मराठीची शिक्षिका