जामीन मंजूर होतो, सुटका होत नाही

महोदय,

कारागृहांतील गर्दीची चर्चा निघाली की ती नव्या बराकी आणि नवी कारागृहे यांवरच येऊन थांबते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या आकडेवारीनुसार देशातील 5,73,220 बंद्यांपैकी 4,34,302 कच्चे कैदी होते. म्हणजे दर चारांतल्या तिघांवरचा आरोप अजून सिद्ध व्हायचा होता. त्यांच्यातल्या एका गटासाठी नवी भिंत बांधण्याची गरजच नाही. न्यायालयाने त्यांना जामीन दिलेला आहे, पण जामीनदार नाही म्हणून ते आत आहेत.

किरकोळ चोरीच्या प्रकरणातला नेहमीचा आदेश असा असतो : पंधरा हजारांचा जातमुचलका (आरोपीचे स्वतःचे हमीपत्र) आणि तितक्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार. वाचायला सोपा आहे. पण जामीनदाराला शिधापत्रिका, आधार, फोटो आणि ऐपतीचा पुरावा लागतो. त्यासाठी सातबारा, घरपट्टीची पावती किंवा पगाराची चिठ्ठी चालते, आणि काही ठिकाणी तहसीलदाराचा ऐपतीचा दाखलाही मागतात. याआधी किती जणांना जामीन राहिलो, हेही त्याला लिहून द्यावे लागते (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 486). मग पोलिसांकडून पत्त्याची पडताळणी होते. पुलाखाली राहणाऱ्या, नाक्यावर काम शोधणाऱ्या किंवा बीड-जालन्याहून ऊसतोडीला आलेल्या माणसाच्या ओळखीत अशी कागदपत्रे असलेला माणूस कोण असणार? आणि असलाच, तर तो दिवसभराची मजुरी बुडवून न्यायालयात का उभा राहील? ही पोकळी भाड्याचे जामीनदार भरून काढतात. बनावट शिधापत्रिका उघड झाली की दलाल नामानिराळा राहतो, आरोपीचा जामीन जातो आणि वर नवा गुन्हा लागतो.

हा प्रश्न नवा नाही. 1978 साली मोती राम या गवंड्याच्या प्रकरणात दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला होता. भाऊ उभा राहिला, पण त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारले. सर्वोच्च न्यायालयाने मोती रामला त्याच्याच एक हजाराच्या मुचलक्यावर सोडायला सांगितले आणि 'जामीनदार इथलाच हवा' हा आग्रह चुकीचा ठरवला. इतकी वर्षे उलटली, तरी 'स्थानिक जामीनदार' हे शब्द आदेशांत अजून येतात.

31 जानेवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या विषयावर नेमके निर्देश दिले. जामीन आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृहात गेली पाहिजे. सात दिवसांत सुटका झाली नाही, तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या (मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या यंत्रणेच्या) सचिवांना कळवायचे आणि सचिवांनी विधी स्वयंसेवक किंवा कारागृहाला भेट देणारा वकील पाठवायचा. बंद्याच्या आर्थिक स्थितीचा अहवाल परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) किंवा स्वयंसेवकाने तयार करून अटी शिथिल करण्यासाठी न्यायालयापुढे ठेवायचा. 'बाहेर आलो तर जामीनदार आणतो' असे बंदी म्हणाला, तर तेवढ्यापुरता तात्पुरता जामीन देण्याचा विचार करता येतो. महिना उलटूनही बंधपत्र भरले गेले नसेल, तर न्यायालय स्वतःहून अट बदलण्याचा विचार करू शकते.

कागदावर याहून अधिक काही मागण्यासारखे नाही. अडते ते हे काम करायला माणूस नसल्यामुळे. आर्थिक स्थितीचा अहवाल बराकीत बसून लिहिता येत नाही. बंदी किती वर्षे एका जागी राहतो, भाडे किती, घरी कोण अवलंबून आहे, आधीच्या खटल्यांत तारखांना हजर होता का, त्याला ओळखणारे दोन शेजारी किंवा मुकादम कोण, हे सगळे त्या वस्तीत जाऊन विचारावे लागते. बहुतेक वेळा बंद्याने दिलेला फोन नंबर बंद असतो, आणि घरच्यांना तो कोणत्या कारागृहात आहे हेही ठाऊक नसते. 2022 पासून जिल्ह्याजिल्ह्यांत पूर्णवेळ पगारी बचाव वकिलांची व्यवस्था सुरू झाली, हे फार चांगले झाले. पण सकाळी रिमांड आणि दुपारी साक्षीपुरावा करणाऱ्या वकिलाने संध्याकाळी वस्तीत जावे ही अपेक्षा चुकीची आहे. ते समाजकार्यकर्त्याचे काम आहे. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प 1990 पासून नेमके तेच करत आला आहे.

वकील आणि समाजकार्यकर्ता एकत्र बसले की पहिल्या तासात कळते, ते एकट्याला महिनाभर कळत नाही. उदाहरणार्थ, बंद्याच्या नावावर वॉरंट किती आहेत? एका प्रकरणात जामीन झाला, कुटुंबाने उसने पैसे भरले आणि फाटकाशी गेल्यावर कळले की दुसऱ्या पोलीस ठाण्याचेही वॉरंट आहे, असे वारंवार घडते. पारधी वस्तीतल्या तरुणांच्या बाबतीत तर एकाच अटकेनंतर अनेक जुने गुन्हे लावले जातात. म्हणून आधी कारागृहाच्या नोंदीवरून सगळ्या प्रकरणांची यादी करायची, मगच पैसा कुठे लावायचा ते ठरवायचे. प्रकरणे अनेक असतील, तर प्रत्येकासाठी वेगळा जामीनदार शोधण्याआधी सर्वोच्च न्यायालयाचा 22 ऑगस्ट 2024 चा गिरीश गांधी निकाल जोडून अर्ज करावा. तेरा प्रकरणांत जामीन मिळूनही जामीनदारांअभावी अडकलेल्या त्या माणसाला न्यायालयाने तेच जामीनदार अनेक प्रकरणांत वापरायची मुभा दिली होती.

नावातला फरक हे दुसरे दुखणे. प्राथमिक माहिती अहवालात एक नाव, आधारवर दुसरे आणि वॉरंटवर तिसरे असले की सुटकेचा आदेश परत जातो. तो दुरुस्त करून कारागृहाच्या वेळेत पुन्हा पोहोचवायला आणखी एकदोन दिवस सहज जातात. जामिनाचा अर्ज लिहितानाच 'ऊर्फ' लावून सगळी नावे घातली तर हे टळते.

आता तारखांचा हिशेब. तीन वर्षांपर्यंत शिक्षेच्या चोरीच्या गुन्ह्यात साठ दिवसांत दोषारोपपत्र आले नाही, तर जामीन हा हक्क होतो. पण एकसष्टाव्या दिवशी अर्ज दाखल झाला नाही आणि बासष्टाव्या दिवशी दोषारोपपत्र आले, तर तो हक्क गेला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 नुसार पूर्वी कधीही शिक्षा न झालेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश आणि इतरांनी निम्मा काळ आत काढला की सुटकेचा विचार करावाच लागतो. अर्ज करण्याची जबाबदारी अधीक्षकांवर आहे. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळलेले आहेत. ही संहिता लागू होण्याआधीच्या, म्हणजे 1 जुलै 2024 पूर्वीच्या प्रकरणांनाही हे लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2024 मध्ये स्पष्ट केले. मात्र याच कलमाचे दुसरे पोटकलम, एकाहून अधिक गुन्हे किंवा खटले प्रलंबित असतील तर ही सवलत नाकारते. ज्याला कधीच शिक्षा झालेली नाही, पण ज्याच्यावर तीन छोटे गुन्हे दाखल आहेत, तो या सवलतीला मुकतो. आमच्या मते हे पोटकलम गरिबांवर सर्वांत मोठा अन्याय करते आणि ते बदलले पाहिजे. तोवर अशा बंद्यासाठी प्रत्येक खटल्यात नियमित जामिनाचा अर्ज करणे हाच मार्ग उरतो.

पैशाची सोय नाही असेही नाही. केंद्राच्या 2023 च्या गरीब कैदी सहाय्य योजनेच्या मूळ नियमांत कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी 40,000 रुपयांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी 25,000 रुपयांपर्यंत तरतूद होती. जिल्हाधिकारी, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, पोलीस अधीक्षक, कारागृह अधीक्षक आणि न्यायाधीश यांची समिती ती मंजूर करते. अमली पदार्थ, मनी लाँडरिंग, भ्रष्टाचार आणि यूएपीएचे (बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याचे) आरोपी वगळले आहेत. चोरी-मारामारीतल्या माणसाला ती मिळू शकते, पण त्यासाठी त्याचे नाव कोणीतरी समितीपुढे न्यावे लागते. पुन्हा प्रश्न माणसाचाच.

सुटकेनंतरचे काम तर बहुतेकांच्या हिशेबातच नसते. खरे तर जामीन टिकतो की नाही हे पुढच्या दोन महिन्यांत ठरते. माणूस बाहेर येतो तेव्हा मोबाइल पोलिसांच्या मुद्देमालात असतो, खोली गेलेली असते, मुकादमाने दुसरा माणूस ठेवलेला असतो. रोख रकमेवर तात्पुरता जामीन असेल, तर चारसहा आठवड्यांत जामीनदार द्यायचा किंवा मुदतवाढीचा अर्ज करायचा असतो. मुदत चुकली की वॉरंट निघते. तारीख चुकली की अजामीनपात्र वॉरंट निघते आणि जामीनदारालाही रक्कम भरण्याची नोटीस जाते. मग त्या वस्तीत पुन्हा कोणी कोणाला जामीन राहत नाही.

म्हणून सुटकेच्या दिवशी हातात एक कार्ड द्यावे : न्यायालयाचे नाव व खोली, पुढची तारीख, वकिलाचा नंबर आणि खटल्याचा सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक. ई-कोर्ट्सच्या अॅपवर त्याच क्रमांकाने पुढची तारीख कळते. ज्याच्याकडे फोन नाही त्याला आदल्या दिवशी कोणीतरी जाऊन सांगावे आणि गावाहून यायचे असेल तर एसटीचे भाडे द्यावे. पहिल्या आठवड्यात शिधापत्रिका आणि आधारची दुरुस्ती, मोबाइल परत मिळवण्याचा अर्ज आणि चारित्र्य पडताळणी न मागणारे काम, या क्रमाने जावे. सुरक्षारक्षकाची नोकरी आधी शोधू नये. पडताळणीत प्रलंबित खटला दिसतो आणि माणूस खचतो.

राज्य सरकारकडे आमची मागणी एवढीच आहे. प्रत्येक मध्यवर्ती आणि जिल्हा कारागृहात सामाजिक संस्थेचा एक वकील आणि दोन समाजकार्यकर्ते लेखी परवानगीने, किमान तीन वर्षांसाठी पगारी नेमावेत. किती अर्ज लिहिले यावर त्यांचे काम मोजू नये. जामीन मंजूर झाल्यावर सात दिवसांत किती सुटले आणि सुटलेल्यांपैकी किती जण प्रत्येक तारखेला हजर राहिले, हे दोनच आकडे दर तिमाहीला जाहीर करावेत.

हे पत्र अशा एखाद्या कुटुंबाच्या हाती पडले तर : कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची कोणतीही मर्यादा नाही. 15100 या क्रमांकावर फोन करा किंवा जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणात जा. सोबत गुन्हा क्रमांक, पोलीस ठाण्याचे नाव, बंद्याच्या ओळखपत्राची प्रत आणि राहत्या जागेचा कोणताही एक कागद न्या. वीजबिल किंवा मुलांच्या शाळेचा दाखलाही चालेल.

– विधी सहाय्य आणि बंदी पुनर्वसनाच्या क्षेत्रातील काही वकील व समाजकार्यकर्ते, पुणे