रात्री फोन बंद ठेवू नका

बाबा, तुम्हाला आणि आईला नमस्कार,

खरं तर व्हॉट्सअ‍ॅपवरच लिहिणार होते, पण तिथे काहीही लिहिलं की तुम्ही एक अंगठा देता आणि विषय संपतो, म्हणून हा लांबलचक ईमेल. चष्मा लावून सगळा वाचा, आईलापण वाचून दाखवा.

मंगळवारी रात्री माझं काय झालं माहितीये का? इथे म्युनिकमध्ये नऊ म्हणजे तुमच्याकडे साडेबारा, तुम्ही झोपला असणार हे कळत होतं पण संध्याकाळी आईला 102 ताप म्हणालात म्हणून राहवलं नाही. तुमचा फोन बंद, आईचा बंद, लँडलाइन तर आपण कधीच काढून टाकली. तासभर नुसती डायल करत बसले. शेवटी शेजारच्या काकूंना उठवलं, त्या बिचाऱ्या गाऊनवर शाल गुंडाळून तुमच्या दाराशी आल्या, आणि तुम्ही दार उघडून त्यांनाच सांगताय, "अहो तुम्हीपण मोबाईल बंद करा, साडेतीनपर्यंत कॉस्मिक किरणं जाणारेत!"

काकू दुसऱ्या दिवशी हसत होत्या. मला रात्री अजिबात हसू आलं नव्हतं.

तो मेसेज मी कॉलेजात असल्यापासून बघतेय बाबा. "आज रात्री 12:30 ते 3:30", सिंगापूर टीव्हीनं सांगितलंय, नासा आणि बीबीसीवर बघा, सगळ्या नातेवाईकांना कळवा. कुठल्या तारखेची आज रात्र ते कुठेच नाही, त्यामुळे त्याची "आज रात्र" दरवर्षी नव्याने येते. आणि "बघा" असं लिहिलं असलं तरी कोणी बघत नाही, तुम्हीपण नाही बघितलंत. कॉस्मिक किरणं चोवीस तास येतच असतात, आत्ता हे वाचतानासुद्धा, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आणि हवेचा जाड थर त्यातलं बरंचसं अडवतात, मोबाईल चालू की बंद याच्याशी त्यांचं काही देणंघेणं नाही.

आता ऑगस्ट आलाय म्हणजे मंगळपण येईलच ग्रुपवर, चंद्राएवढा दिसणारा. त्यात गंमत अशी की मुळात थोडं खरं होतं. 27 ऑगस्ट 2003 ला मंगळ खरंच खूप जवळ आला होता, जवळपास साठ हजार वर्षांत आला नव्हता इतका, पण जवळ म्हणजे साडेपाच कोटी किलोमीटरच्या वर, आणि चंद्र असतो पावणेचार-चार लाखांवर. मूळ मेलमध्ये लिहिलं होतं की 75 पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून मंगळ नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या चंद्राएवढा दिसेल. फॉरवर्ड होता होता दुर्बीण गळाली, वर्ष गळालं, आणि गच्चीवर चटई टाकून आपण सगळे बसलेलो आठवतंय ना, ढगात काही दिसलं नाही ते बरंच झालं म्हणायचं.

मी काय शहाणी आहे असं नाही हं. फेसबुकवर ते "माझे फोटो वापरायला मी परवानगी देत नाही, रोम स्टॅट्यूटनुसार" मीपण चिकटवलं होतं. रोम स्टॅट्यूट हा 1998 चा करार, नरसंहार आणि युद्धगुन्ह्यांचे खटले चालवणाऱ्या कोर्टाचा, त्याचा माझ्या गोव्याच्या फोटोंशी काय संबंध! पण कायद्याचं भारी नाव दिसलं आणि मी गप्प कॉपी पेस्ट केलं.

हे सगळं हसण्यावारी जातं पण मुलं पळवणारी टोळी आलीये असला मेसेज आला तर प्लीज पुढे पाठवू नका, अगदी "काळजी घ्या" म्हणूनसुद्धा नको. 1 जुलै 2018, धुळ्याचं राईनपाडा. मंगळवेढ्याकडची, डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, भिक्षा मागत फिरणारी, बाजाराच्या दिवशी नुसत्या संशयावरून जमावानं मारून टाकली. त्याच वर्षी देशभर एक व्हिडिओ फिरत होता, बाईकवरून पोर उचलून नेतात तो, आठवतोय? ती कराचीत बनवलेली जनजागृतीची फिल्म होती, शेवटी पोराला परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात, तेवढाच तुकडा कोणीतरी कापला होता. त्यानंतरच व्हॉट्सअ‍ॅपनं आपल्याकडे फॉरवर्ड पाच चॅटपुरतं केलं. मेसेजवर दोन बाण दिसले ना की समजा तो तुमच्यापर्यंत येईतो निदान पाच हात फिरलाय, तुमच्या मित्राला स्वतःला त्यातलं काही माहीत नसतं. त्याला नुसतं विचारा, तुला कोणी पाठवला.

बाकी ठीक. आईचा ताप आता नाही ना? रविवारी तुमच्या साडेआठला फोन करते, चालू ठेवा, चार्जिंगलापण लावून ठेवा. काकूंना माझ्याकडून सॉरी सांगा.

तुमची,
चिऊ

ता. क. एटीएममध्ये पिन उलटा टाकला की पोलीस येतात हेपण खोटंय. आपल्या घरचा पिन उलटा केला तरी तोच राहतो, निदान तेव्हा तरी शंका यायला हवी होती बाबा. आणि हे मी आता ईमेलमध्ये लिहून बसलेय, तर आधी तो पिन बदला.