बाळाच्या खोलीचं काम काढण्याआधी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आम्ही येणार म्हणून तुम्ही खोली रंगवायला काढलीत, पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलंत, बाळाला रांगायला मऊ चटई बघताय, हे ऐकून फार बरं वाटलं. तरी मी फोनवर ‘जरा थांबा’ म्हणाले, तेव्हा बाबांनी विचारलं, ‘प्रत्येक गोष्ट तपासलेली आणि मर्यादेत आहे, मग अडचण काय?’ प्रश्न रास्त आहे. रंग, फवारणी, चटई यांतल्या रसायनांची किती मात्रा सुरक्षित, हा हिशेब करणं हेच माझं रोजचं काम, म्हणून सविस्तर लिहिते.

रसायनाची सुरक्षित मात्रा साधारण अशी ठरते: प्राण्यांवरच्या चाचण्यांत ज्या मात्रेला अपाय दिसला नाही ती घ्यायची, माणूस त्या प्राण्याहून नाजूक असू शकतो म्हणून १० ने भागायची, माणसामाणसांतही फरक असतो म्हणून पुन्हा १० ने. पद्धत सावध आहे, पण ती एका वेळी एकाच रसायनाचा विचार करते. बाळाच्या पोटात आणि फुफ्फुसांत मात्र सगळी मिळून जातात.

बाबा, तुम्हाला आकडे आवडतात, म्हणून हे बघा. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांची नावं वेगवेगळी, पण ती सगळी मज्जासंस्थेतल्या एकाच एन्झाइमला अडवतात. समजा, एकाची मात्रा त्याच्या मर्यादेच्या ०.४ पट आहे, दुसऱ्याची ०.४ आणि तिसऱ्याची ०.५. वेगवेगळी तपासली तर तिन्ही पास. बेरीज मात्र १.३, म्हणजे एकच्या वर, आणि तिथेच आम्ही सावध होतो. अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने एकाच पद्धतीने अपाय करणाऱ्या कीटकनाशकांचा असा एकत्रित विचार सक्तीचा केला आणि वेगळा भक्कम पुरावा नसेल तर मुलांसाठी आणखी १० पट सावधगिरी धरायला सांगितलं. २००२ मध्ये लंडनच्या संशोधकांनी इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखी वागणारी आठ रसायनं यीस्टच्या पेशींवर तपासली. एकेकट्याचा परिणाम जाणवू नये इतक्या कमी मात्रेत सगळी एकत्र दिली, तर परिणाम स्पष्ट दिसला. या कामात शिरल्यापासून मला सर्वांत अस्वस्थ करणारा निष्कर्ष हाच.

प्रत्येक मिश्रण तपासणं शक्यच नाही. नुसती दहा रसायनं घेतली तरी त्यांची १,०१३ मिश्रणं होतात. म्हणून एकसारखा अपाय करणाऱ्यांचा गट करून बेरजेवर मर्यादा घालतात. युरोपात २०२० मध्ये पीफास (नॉनस्टिक भांडी, डाग न धरणारं कापड यांत वापरतात ती) गटातल्या चार रसायनांच्या बेरजेसाठी वजनाच्या दर किलोमागे आठवड्याला ४.४ नॅनोग्रॅम ही मर्यादा ठरली. ही रसायनं अंगात जास्त असलेल्या मुलांच्या शरीरात लसीनंतर अँटिबॉडी कमी तयार होतात, हा त्यामागचा मुख्य पुरावा. (म्हणून लस टाळायची नाही, आई. बाळाचं स्तनपानही चालूच राहणार.)

आता बाळाकडे बघा. दिवसभर जमिनीवर रांगणार, जिथे धूळ बसते तिथेच हात टेकणार आणि तोच हात तोंडात घालणार. वजनाच्या मानाने ते आपल्यापेक्षा जास्त हवा आत घेतं, जास्त पाणी पितं. गिळलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण दहावा हिस्सा शोषला जातो, लहान मुलाच्या शरीरात जवळजवळ निम्मा. अंगात लोह कमी असेल तर आणखी जास्त. मेंदू तर अजून घडतोच आहे. शिशाच्या बाबतीत मुलांसाठी सुरक्षित म्हणता येईल अशी कोणतीच पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून ‘थोडंसंच तर आहे’ हे मला पटत नाही.

आई म्हणाली, ‘तुम्हीही अशाच घरात वाढलात.’ खरं आहे, आणि तेव्हा पेट्रोलमध्येही शिसं असायचं. देशोदेशी ते काढलं तसं मुलांच्या रक्तातलं शिसं उतरत गेलं. २०२१ मध्ये गाड्यांसाठी ते पेट्रोल विकणं जगात सगळीकडे थांबलं. घर निर्जंतुक प्रयोगशाळा करायची नाहीये. बेरजेतला एक आकडा काढला तरी बेरीज उतरते, म्हणून जे सहज काढता येतं ते आधी काढू.

म्हणून रंगाऱ्याला सांगा, जुना रंग कोरडा खरवडायचा नाही, पॉलिश पेपरने घासायचाही नाही. जुन्या थरात शिसं असलं तर त्याची धूळ खोलीभर होते. खिडकीच्या चौकटीचे पोपडे सुटलेत म्हणालात ना, त्या रंगात शिसं आहे का हे तपासून घ्या आणि तोवर तिथे हात लावू नका. पेस्ट कंट्रोलची फवारणी रद्दच करा. फटी बुजवा, सिंकखालची गळती थांबवा, झुरळांसाठी बाळाचा हात पोहोचणार नाही तिथे जेल लावा. चटई मी इथून आणते. मऊ प्लास्टिकची, उग्र वासाची खेळणी नकोत. जी आहेत ती पुरेत. केर कोरडा उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसून घ्या, आणि बाळाचे हात खाण्याआधी धुवायचं काम आजोबांकडे.

रंगाचं काम आम्ही येण्याच्या बरंच आधी उरकेल आणि खोली नीट हवेशीर होईल, असं जमत नसेल तर या खेपेला राहू दे. रंगारी काय म्हणतो ते कळवा.

तुमची लेक