ग्रामसभेतला तास कार्यभारात धरा

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
स. न. वि. वि.

मी बीड जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एका अनुदानित महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. विभागात पूर्णवेळ मी एकटा, बाकीचे सहकारी तासिका तत्त्वावर. त्यांचं मानधन कधी निघतं, उन्हाळ्यात ते कशावर जगतात, कायम जागा भरताना काय काय चालतं, यावर आपल्याकडे इतकी निवेदनं पडली असतील की माझंही त्याच गठ्ठ्यात जाईल. म्हणून या पत्रात मागणी एकच करतो : मुलांनी ग्रामसभेत बसून करायच्या प्रकल्पाचे तास प्राध्यापकाच्या कार्यभारात, म्हणजे शिकवण्याच्या मोजल्या जाणाऱ्या तासांत, धरा. तिला जवळजवळ खर्च नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाने बी.ए.च्या मुलांना क्षेत्र प्रकल्प दिला, त्याला क्रेडिट दिले. कल्पना मला मनापासून पटली. पण आज कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात ‘ग्रामपंचायतीची रचना व कार्ये’ हा प्रकल्प स्पायरल बायंडिंगसह तयार मिळतो. नाव आणि रोल नंबर टाकला की झालं. आत गावाचं नाव बदलायचं मात्र राहून जातं. केज तालुक्यातल्या मुलीच्या प्रकल्पातली ग्रामपंचायत कृष्णाकाठची निघते.

मी त्या मुलीला बोल लावणार नाही. रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला बॅच असते, वेळापत्रकात जागा असते, प्रयोगशाळा सहायक असतो आणि ते तास प्राध्यापकाच्या कार्यभारात धरले जातात. राज्यशास्त्राच्या मुलाला आपण सांगतो, गावात जा आणि माहिती आण. तो जातो. ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) म्हणतो, वरून पत्र आण. सरपंचबाईंना भेटायचं तर त्यांचे यजमान पुढे येतात आणि म्हणतात, विचार काय विचारायचं ते. मूल परत येतं ते थेट झेरॉक्सच्या दुकानात.

आता कायद्याकडे पाहू. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे गावच्या मतदार यादीत ज्याचं नाव, तो ग्रामसभेचा सदस्य. म्हणजे बी.ए. प्रथम वर्षाला असलेली, अठरा पूर्ण झालेली आणि यादीत नाव असलेली प्रत्येक मुलगी आपल्या गावच्या सभेत पाहुणी म्हणून नाही, हक्काने बसू शकते. वर्षातून किमान चार सभा घेणं बंधनकारक आहे. रूढ तारखा आपल्याला माहीत आहेत : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. यातल्या दोन दिवशी मुलांनी कॉलेजच्या झेंडावंदनाला हजर राहायचं, सही करायची, अशी आमची सक्ती. लोकशाहीचा धडा ज्या दिवशी गावच्या पारावर उघडलेला असतो, त्याच सकाळी आम्ही मुलांना तालुक्याला बोलावून रांगेत उभं करतो. आणि प्राध्यापक एखाद्या सभेला गेलाच, तर त्याचा तो दिवस कुठल्याही रकान्यात बसत नाही.

जी दोन-चार मुलं हट्टाने सभेला बसली, त्यांनी काय आणलं ते सांगतो, कारण ते कुठल्याच गाईडमध्ये नाही. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जे कमी असेल ते. हे पाठ असलेल्या मुलाने पाहिलं की सभेला पंचवीसेक माणसं होती आणि रजिस्टर नंतर सह्यांसाठी घरोघर फिरलं. दुसऱ्या एकाने विचारलं, सर, तहकूब सभेला कोरम लागत नाही, मग पहिली सभा मुद्दाम पाडत असतील का? एका मुलीने विचारलं की नियमित सभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, ती आमच्या गावात कधी झाली? तिच्या आईलाही ती आठवत नव्हती. आणि आमच्या भागातली सगळ्यात मोठी गोष्ट एका ऊसतोड टोळीतल्या पोराने मांडली. २६ जानेवारीला अर्धं गाव कोयत्यावर असतं. मुकादमाची उचल घेऊन माणसं कारखान्याच्या फडात, आणि इकडे त्यांच्याच वस्तीच्या रस्त्याचा ठराव मंजूर. ज्यांच्या नावाने ठराव होतो ते मतदार हंगामभर गावाबाहेर असतील, तर ग्रामसभा कोणाची? मला विचाराल तर हा पीएच.डी.चा विषय आहे. तो त्याला सुचला, कारण तो सभेत बसला होता.

वर्गातही हेच, खरा कागद समोर आला की मुलं विचार करू लागतात. २०२३ मध्ये अंतरवाली सराटीचं आंदोलन पेटल्यापासून आमच्या वर्गात आरक्षण हा शब्द काढायचा नाही, असा अलिखित नियम अनेक ठिकाणी झालाय. एका बाकावर मराठा पोरगा, पलीकडे वंजारी, मागे धनगर. प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये निजामकाळातल्या जातनोंदींचं, म्हणजे हैदराबाद गॅझेटचं, वेगळंच रूप. मुलं विचारतात, ५० टक्क्यांची मर्यादा घटनेच्या कितव्या कलमात आहे? ती कुठल्याच कलमात नाही, ती १९९२ च्या इंद्रा साहनी खटल्यातून आली, हे सांगितलं की वर्ग शांत होतो आणि ऐकू लागतो. मग राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाला घटनात्मक दर्जा देणारी २०१८ ची १०२ वी घटनादुरुस्ती, मग मराठा आरक्षण रद्द करणारा ५ मे २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. तासभर कोणी कोणाच्या जातीवर घसरत नाही, कारण हातात कागद असतो. पण असा तास घ्यायला प्राध्यापकाला तयारी लागते, आणि आम्हाला मिळतात ते ऑनलाइन उद्बोधन वर्ग : कॅमेरा बंद, शेवटी फॉर्म भरा, प्रमाणपत्र ई-मेलवर.

एक गोष्ट जाता जाता. प्रदेशांच्या समतोल विकासासाठीच्या घटनेच्या कलम ३७१ (२) मध्ये मराठवाड्याचं नाव आहे, हे ऐकून मुलं चकित होतात. त्याच उपकलमात तंत्रशिक्षणाच्या आणि व्यावसायिक प्रशिक्षणाच्या पुरेशा सोयींचा उल्लेख आहे, म्हणजे ते आपल्याच खात्याचं काम. त्या कलमाखालच्या विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. पुढे काय, हे मला वर्गात विचारलं जातं. उत्तर आपण दिलंत तर मी ते फळ्यावर लिहीन.

तर मागणी अशी. राज्यशास्त्राच्या क्षेत्र प्रकल्पाची बॅच ठरवा आणि त्यासाठीचे तास कार्यभारात धरा, तासिकेवरच्या सहकाऱ्यांच्याही. ज्या मुलांचं नाव गावच्या यादीत आहे, त्यांनी आपल्याच ग्रामसभेला बसून नोंद केली तर ती प्रकल्पात ग्राह्य धरा, आणि त्या दिवशी झेंडावंदन गावच्या शाळेत केलेलं चालेल असं लिहून द्या. ग्रामविकास विभागाशी बोलून एक परिपत्रक काढा, म्हणजे ग्रामसेवक सभेचं प्रोसिडिंग आणि वित्त आयोगाच्या निधीचा आराखडा मुलांना दाखवायला कांकू करणार नाही. मूल्यमापन बायंडिंगवर नको. मुलाला समोर बसवून दहा मिनिटं विचारा : सभेत कोण बोललं, कोणाला बोलू दिलं नाही, ठराव कोणी मांडला? झेरॉक्सवाल्याकडे याची उत्तरं नाहीत.

मुलं यातून लिहायलाही शिकतील. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे, आणि आमची मुलं प्रश्नसंचातली उत्तरं पाठ करून आल्यामुळे स्वतःच्या मनाचं एक पान लिहिताना अडतात. पुण्याच्या अभ्यासिकेत जाऊन ते शिकण्याआधी इथे शिकलेलं बरं. बापाचे पैसे वाचतील.

परिपत्रक येत्या २ ऑक्टोबरच्या आत निघालं तर फार बरं होईल. त्यानंतर टोळ्या निघतात, आणि माझ्या वर्गातली काही मुलंही त्यांच्यासोबत जातात.

आपला,
राज्यशास्त्राचा एक प्राध्यापक,
जि. बीड