पार्सलमध्ये फरशीचे तीन तुकडे आहेत

प्रिय आई, बाबा,

साष्टांग नमस्कार. पार्सल मिळालं की चॉकलेटं आणि बाबांचे लोकरी मोजे बाजूला ठेवा आणि आधी तो चपटा खोका उघडा, त्यात तळहाताएवढे तीन चौकोनी तुकडे आहेत, एक राखाडी, एक मातकट आणि एक निळसर हिरवा, हे लिनोलियम, जमिनीवर घालायचं. परवा फोनवर बाबा म्हणाले की फरशीवर कशाला एवढे पैसे घालते, प्लास्टिकचं अंथर आणि मोकळी हो, आणि मला तेव्हा नीट सांगताच आलं नाही कारण चिऊ मधे मधे करत होती, म्हणून हे पत्र लिहितेय. आमच्या या नेदरलँड्सच्या घरात खालची खोली तुमची आहे, मे महिन्यात तुम्ही येणार, तीन महिने राहणार, आई त्या जमिनीवर बसून भाजी निवडणार, म्हणजे तिथे काय घालायचं ते तुम्हाला विचारल्याशिवाय मी ठरवणारच नाही.

आधी एक तुकडा उलटा करून बघा. पाठीमागे गव्हाच्या पोत्यासारखं विणकाम दिसेल, तो खरा ताग आहे. आता आई, तो तुकडा नाकाशी धर. ओळखलास वास? मी दुकानात पहिल्यांदा नमुना हातात घेतला आणि मला एकदम आजोबांच्या घरची तेलाची बरणी आठवली, कारण हे सगळं जवसाच्या तेलाचं केलेलं असतं. आपल्या वावरात हरभऱ्याच्या कडेने जवस असायचा ना, ती निळी फुलं जी सकाळी उमलायची आणि दुपारपर्यंत गळून जायची, त्याच जवसाचं तेल. त्याची आपण चटणी खाल्ली, लाडू खाल्ले, पण त्याची फरशी होते हे मला चाळीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

बाबा, तुम्हाला हे लगेच पटेल, कारण तुम्ही दादाच्या बॅटला हेच तेल लावायचात. रात्री कापडाने चोळून बॅट आडवी ठेवायची आणि दादाने हात लावला तर ओरडायचात, वाळू दे म्हणून. ते तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या माणसाने रंगाच्या डब्यात अशा तेलावर आलेली रबरासारखी साय बघितली आणि त्याच्या डोक्यात आलं की याचं काहीतरी करता येईल, मग 1860 च्या सुमाराला पेटंट वगैरे घेऊन त्याने 1864 मध्ये लंडनजवळ स्टेन्स इथे कारखाना काढला. लिनोलियम हे नावही त्यानेच दिलं, लॅटिनमध्ये लिनम म्हणजे जवस आणि ओलियम म्हणजे तेल. करायची पद्धत अजूनही जवळपास तीच आहे, तेल आणि झाडाची राळ एकत्र करून घट्ट करायचं, त्यात लाकडाचा बारीक भुसा, चुनखडीची पूड आणि रंग मळायचा, आणि मोठ्या रोलरखालून ते तागाच्या कापडावर दाबून बसवायचं. मग ती लांबच्या लांब तावं उंच गरम खोल्यांमध्ये दांड्यांवर साड्या वाळत घालतात तशी टांगतात, आणि ती दोनतीन आठवडे तशीच मुरतात. आमच्या हार्लेम शहरापासून क्रोमेनी हे गाव लांब नाही, तिथे पूर्वी जहाजांच्या शिडाचं कापड विणायचे आणि 1899 पासून लिनोलियम बनतंय. मार्मोलियम या नावाने विकतात ते लिनोलियम तिथलंच, तुमच्या हातात आहेत ते तुकडेही त्याचेच.

आता बाबांचा मुख्य आक्षेप. तुम्ही म्हणालात, लिनोलियम आपल्याकडेही होतं, स्वयंपाकघरात फुलाफुलांचं, दोन वर्षांत ओट्यापाशी फाटलं. बाबा, ते लिनोलियम नव्हतं, ते पीव्हीसीचं कार्पेट होतं, म्हणजे प्लास्टिक, वर फुलांचं चित्र छापलेलं आणि त्यावर एक पातळ पारदर्शक थर. तो थर घासला की चित्र जातं आणि चित्र गेलं की सगळंच गेलं. दुकानदार त्याला लिनोलियम म्हणायचा म्हणून आपणही म्हणायचो. हा गोंधळ फार जुना आहे, 1878 मध्येच इंग्लंडच्या कोर्टाने सांगितलं होतं की लिनोलियम हे आता त्या वस्तूचंच नाव झालंय, त्यावर एका कंपनीचा हक्क नाही, आणि पुढे प्लास्टिकचं आलं तेव्हा लोक त्यालाही तेच म्हणायला लागले. इथेही तसंच, जुनी माणसं दोन्हीला झेइल म्हणतात, इथल्या डच भाषेत शिडाला जो शब्द आहे तोच. मलाही एका दुकानात व्हिनाईलचा, म्हणजे त्याच पीव्हीसीचा, रोल दाखवून दोन्ही सारखंच आहे असं सांगितलं, मी उलटा करून बघितला तर मागे स्पंजासारखा फेसाचा थर होता, तागाचा पत्ताच नव्हता, मी तशीच बाहेर पडले. खऱ्या लिनोलियमचा रंग वरपासून थेट तागापर्यंत एकच असतो. तो मातकट तुकडा कडेने बघा, चित्र छापलेलं नाहीये, जे वर आहे तेच आत आहे, म्हणून खुर्ची ओढून ओरखडा आला तरी आतून दुसरा रंग डोकावत नाही. नीट बसवलं आणि नीट वापरलं तर पंचवीस तीस वर्षं सहज जातात.

आणि प्लास्टिक मला घरात का नको तेही सांगते. पीव्हीसी मऊ करायला त्यात जी रसायनं घालतात त्यातल्या काहींवर युरोपात बंधनं आली आहेत. आजकालच्या मालात ती कमी असतील, मी मानते, पण चिऊ दिवसभर जमिनीवर लोळते, पडलेला दाणा उचलून तोंडात घालते, मग मला जवस, ताग, भुसा आणि चुनखडी जास्त विश्वासाची वाटते. जवस आणि ताग दरवर्षी शेतात परत उगवतात, आणि ताग तर मुख्यतः आपल्याकडचा आणि बांगलादेशचा, म्हणजे तुम्ही चालाल ती जमीन खालून आपल्याच बाजूची.

एक गोष्ट मी तुम्हाला तेव्हा सांगितली नव्हती, काळजी कराल म्हणून. मागच्या ऑक्टोबरमध्ये स्वयंपाकघराची जमीन उकरली तेव्हा लॅमिनेटखाली आणखी एक जुनं व्हिनाईल निघालं, जावईबापूंनी एक कोपरा खेचला तर मागे राखाडी पुठ्ठ्यासारखा थर, आणि तो भुसभुशीत, बोटाने धूळ निघेल असा. शेजारच्या आजी दारात आल्या होत्या, त्यांनी ते बघून लगेच थांबा म्हणून सांगितलं, कारण इथे जुन्या व्हिनाईलच्या पाठीमागे ॲस्बेस्टॉस असायचं, ज्याची धूळ श्वासातून गेली की घातक असते ते, 1993 मध्ये त्यावर पूर्ण बंदी आली पण घरांमध्ये खाली दडलेलं आहेच. मी चिऊला उचलून वर गेले, दार बंद केलं, तुकडा तपासायला पाठवला आणि रिपोर्ट येईपर्यंत आम्ही बाहेरच्या खोलीत इलेक्ट्रिक शेगडीवर खिचडी करून खाल्ली. रिपोर्ट चांगला आला, ॲस्बेस्टॉस नव्हतं. पण त्या चार रात्री मला झोप नव्हती, आणि तेव्हाच ठरवलं की जे पुढे काढताना कोणाच्या पोराला धोका होईल असं काही मी या घरात घालणार नाही.

स्वयंपाकघरात मग लिनोलियम बसवलं, अडीच मिलिमीटरचं. आमचं घर जुनं, खाली लाकडी फळ्या, त्यांची प्रत्येक फट वर उमटली असती म्हणून आधी प्लायवूड ठोकून सांधे भरून घेतले, बसवणाऱ्या माणसाने रोल एक दिवस खोलीत नुसता ठेवला, मग पूर्ण जमिनीला गोंद लावून ताव पसरला आणि वरून जड रोलर फिरवला, आपल्याकडे रस्त्यावर फिरतो त्याचं छोटं भावंडच. ताव दोन मीटर रुंद येतो, म्हणून जोड आलाच, तो त्याच रंगाच्या दोऱ्याने गरम करून भरतात आणि वरून सपाट कापतात. आता शोधायला गेलं तरच दिसतो. तुमच्या खोलीत पण मधे एक जोड येणार, तो मी पलंगाखाली जाईल असं बघते.

कमतरता पण सांगते, नाहीतर बाबा म्हणतील फक्त चांगलंच सांगितलं. महाग आहे, व्हिनाईलपेक्षा बरंच, आणि बसवणारा माणूस हाताचा चांगलाच लागतो. जड कपाटाच्या पायांचे खळगे पडतात, म्हणून पायांखाली लाकडी चकत्या ठेवल्यात. साचलेलं पाणी चालत नाही, त्यामुळे बाथरूममध्ये मी टाईल्सच ठेवल्या, खरखरीत बघून घेतल्या, बाबा तुम्ही मागच्या दिवाळीत घसरलात तेव्हापासून माझा जीव त्या गोष्टीत अडकलेला आहे. आणि आई, तुझा सोडा इथे चालणार नाही, फिनाईल पण नाही. सोड्याने त्या तेलाचीच वाट लागते आणि पृष्ठभाग मऊ पडतो. साध्या साबणाचं थोडं पाणी आणि घट्ट पिळलेलं फडकं, बस. संक्रांतीला माझ्या हातून हळदीची वाटी सांडली होती, लगेच पुसली तरी पिवळा डाग राहिला, मी रडकुंडीला आले होते, पण तिथे खिडकीचं ऊन येतं आणि महिन्याभरात डाग आपोआप उडाला.

पायाला काय वाटतं ते मात्र लिहून सांगता येत नाही, तरी सांगते. इथे जानेवारीत टाईल्सवर पाय ठेवला की थंडी पोटरीपर्यंत चढते, यावर तसं होत नाही, थोडं मऊ, थोडं कोमट, पाऊल टाकलं की आवाज पण खाली दबतो. आजीच्या घरी सारवलेल्या जमिनीवर दुपारी आपण उताणे पडायचो ना, शेणाचा वास गेलेला असायचा आणि पाठीला एक वेगळाच ऊबदारपणा लागायचा, त्याच्या जवळपास जाणारं मला अजून दुसरं काही सापडलं नाही. आई, तुझे गुडघे दुखतात आणि तरी तू खुर्चीवर बसून भाजी निवडत नाहीस हे मला माहितीये, म्हणून तर ही सगळी खटपट.

आणि आता वर्ध्याच्या घराचं. दादा म्हणाला की बाबा तिथली शहाबादी फरशी झाकून वर चकचकीत व्हिट्रिफाईड टाईल्स घालायचा विचार करतायत. बाबा, प्लीज नका घालू. आणि मी इथे एवढं कौतुक केलं म्हणून तिथे लिनोलियम पण नका घालू, आपलं घर तळमजल्याचं, पावसाळ्यात खालून ओल येते, ती गोंदातून वर चढली की हे फुगणार आणि सुटणार, शिवाय आपण बादलीने पाणी टाकून फरशी धुणारी माणसं. तिथे जो दगड आहे तो चाळीस वर्षांत झिजलेला नाही, उन्हाळ्यात गार राहतो, ओल्या पायाने घसरत नाही. नवीन काही आणायचंच नाही, आहे ते टिकवायचं, यापेक्षा निसर्गाला बरं दुसरं काय असणार. ज्या दोन फरशा हलतात त्या नीट बसवून घ्या, सांधे भरून घ्या, हवं तर एकदा घासून पॉलिश करून घ्या पण आरसा करू नका. उरलेल्या पैशात बाथरूममध्ये आधाराचे दांडे लावून घ्या, मी दादाला पण सांगितलंय.

आता तुकड्यांचं. ते पार्सलमध्ये अंधारात होते म्हणून तिन्हींवर एक पिवळट झाक दिसेल, खास करून राखाडीवर, आणि आई तू म्हणशील जुना माल दिलाय. जुना नाहीये. जवसाचं तेल अंधारात मुरताना पिवळं पडतं आणि उजेडात ते पिवळेपण निघून जातं. म्हणून तिन्ही तुकडे देवघराच्या खिडकीत ठेव, जिथे तुळशीकडून सकाळचं ऊन येतं तिथे, दोनतीन दिवस हलवू नकोस. त्यातल्या एकावर अर्ध्यात वाटी उपडी घालून ठेव म्हणजे उघड्या भागाचा आणि झाकलेल्या भागाचा फरक तुला स्वतःलाच दिसेल. मग अनवाणी पाय ठेवून बघ, बाबांनाही बघायला लाव, मोजे काढून. मला मातकट आवडलाय पण चिऊला निळसर हिरवा हवाय आणि खोली तुमची आहे. रविवारी फोन कर आणि रंग सांग, माणूस पुढच्या आठवड्यात माप घ्यायला येतोय.

बाबांची गोळी सकाळचीच आहे ना, रात्री घेत नाहीत ना, ते बघ.

तुमची,
ताई