थांबलेल्या बसच्या आडून येणारी गाडी

संपादक महोदय,

गेल्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून शेजारच्या मावशींबरोबर परतत होते. झेब्रा पट्ट्यांपाशी एका बसचालकाने गाडी थांबवली आणि हाताने ‘जा’ म्हणून खुणावले. आम्ही निघालो. बसच्या आडून मावशींनी पाऊल बाहेर टाकले आणि उजवीकडून एक स्कूटर सुसाट गेली. तिचा आरसा पिशवीला लागला. तांबडी भाजी, वांगी रस्ताभर झाली. मावशी थोडक्यात वाचल्या. आता रस्ता ओलांडायचा म्हटले की त्या माझा दंड घट्ट धरतात.

बस थांबली म्हणजे रस्ता मोकळा, असे आपण धरून चालतो. मागच्या स्कूटरवाल्याला मात्र बस कशासाठी थांबली ते दिसतच नाही. प्रवासी चढत असतील असे समजून तो ओव्हरटेक करतो. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच बसची अख्खी लांबी पार. सिग्नल नसलेल्या झेब्रा पट्ट्यांवर थांबून पादचाऱ्याला आधी जाऊ द्यावे, असा २०१७ पासूनचा केंद्राचा नियम आहे. बसचालकाने तो पाळला. बिचाऱ्याच्या चांगुलपणातूनच आमच्यावर जिवाची वेळ आली, याचे मला फार वाईट वाटते.

आपणही चुकतो. बसमधून उतरल्याबरोबर तिच्याच पुढून पळतो, मुलाला वाहनांच्या बाजूला ठेवून चालतो. पावसात वाऱ्याकडे छत्री तिरकी धरली की येणारी गाडी दिसत नाही, आणि ऐन तेव्हाच पट्टे पुसट झालेले असतात.

माझी मागणी खर्चाची नाही. वाहनांनी थांबायची पांढरी रेघ पट्ट्यांपासून चार-पाच मीटर मागे आखा. मग थांबलेल्या बसच्या पलीकडचेही दिसेल. बसथांबा पट्ट्यांच्या पुढे न्या, म्हणजे उतरलेली माणसे बसच्या मागून ओलांडतील. आणि पावसाळा सरला की रंग पुन्हा मारा, चतुर्थीच्या गर्दीआधी तर एकदा नक्कीच.

तोवर मी मावशींना एवढेच सांगितले आहे: बसच्या उजव्या कोपऱ्यापाशी थांबायचे, वाकून मागचे बघायचे, मग पुढचे पाऊल.

एक वाचक, म्हापसा